सिनिअर लोकांची सहल

वस्तू निवडावी तर मी. एका मोठ्या छापखान्याच्या खरेदी विभागात माझी निम्मी हयात गेली आहे. कागद, शाई, डिंक, खुर्च्या, पंखे, जे काही त्या इमारतीच्या दारातून आत आलं ते आधी माझ्या नजरेखालून गेलं. विक्रेता समोर बसला की माझ्या दुसऱ्या प्रश्नाला त्याला घाम फुटतो. आमचे साहेबसुद्धा मुलीसाठी सायकल घ्यायला मला बरोबर घेऊन गेले होते. सायकल महिनाभरात मोडली, पण ती पोरीनं जिन्यावरून चालवली. त्याला मी काय करणार?

तेव्हा आत्याला वाळवंट दाखवायचं ठरलं आणि सहल निवडायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. बायको म्हणाली, “मी बघते ना. दहा मिनिटांचं काम आहे.”

मी नुसता हसलो. दहा मिनिटांत लोक चुकीच्या सहली निवडतात. मला चुकीची सहल निवडायला पंधरा दिवस लागले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आईवडील गेले तेव्हा मी दुसरीत होतो. आत्या आली, माझं दप्तर एका खांद्याला आणि मला दुसऱ्या हाताला धरून आपल्या एका खोलीच्या घरात घेऊन गेली. विषय संपला. ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात नोकरीला होती. सकाळपासून वाफ, ओल्या चादरी, पायाखाली पाणी. तिच्या बोटांची कातडी कायम सुरकुतलेली असायची. निवृत्त झाली त्या दिवशी म्हणाली, “आता एकदा कोरडी जागा बघायची आहे मला. चांगली खडखडीत.”

आमच्या शहरापासून दोन तासांच्या अंतरावर वाळवंटातलं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिकडं एका दिवसाच्या सहली जातात. पण कधी माझी बढती आडवी आली, कधी आमच्या पोरीची परीक्षा. बघता बघता आत्या सत्तरीला टेकली. आता मात्र मी कंबर कसली.

ऑफिसात करतो तसंच केलं. तीन ठिकाणी चौकशी. पहिल्या कंपनीची मोठी थंडगार बस होती. ती उद्यानातून फिरायची, पण खाली कुणाला उतरू द्यायची नाही. वाळवंट काचेतूनच बघायचं तर घरी टीव्ही आहे. दुसऱ्या कंपनीचे उंट होते. मी विचारलं, “उंटावर पाठीला टेकायची काही सोय?” तो माणूस म्हणाला, “उंटाला विचारून सांगतो.” त्याचा पुन्हा फोन आला नाही.

तिसऱ्या कंपनीत फोन एका गोड आवाजाच्या बाईंनी उचलला.

“तुमच्याकडे सिनिअर लोकांसाठी काही आहे का?” मी विचारलं.

“आहे ना. आमचा सिनिअर ग्रुप दर रविवारी जातो. मोजकीच माणसं असतात. पण त्यात आम्ही सगळ्यांना घेत नाही हं. अनुभव किती आहे?”

मला वाटलं, वय विचारायची ही सभ्य पद्धत असावी. किती बरं वाटलं.

“सत्तर,” मी म्हणालो.

“सत्तर वर्षं?”

“पुढच्या महिन्यात पूर्ण होतील.”

“बापरे. आणि अजून करतात?”

“सगळं स्वतःचं स्वतः करते. चार मजले चढते-उतरते. लिफ्टला हात लावत नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी नुसता सोबतीला. तसा मी ज्युनिअरच.”

“मग तुम्हाला झेपेल ना?”

“मला? अहो, मी तिला सांभाळायला येतोय.”

“बरं बरं,” त्या हसल्या. मीही हसलो. तरी खरेदी विभागातला माणूस मी. शेवटचा प्रश्न टाकलाच. “चालणं फार नाही ना?”

“सिनिअर लोकांच्या मानानं काहीच नाही.”

मी फोन ठेवला आणि बायकोकडे अशा नजरेनं बघितलं, की तिनं न विचारता चहा टाकला.

तयारीही मीच केली. आत्यासाठी घडीची खुर्ची, मोठी छत्री, दोन उशा आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. स्वतःसाठी नवे बूट. दुकानदार म्हणाला, “जरा घट्ट वाटतात का?” मी म्हणालो, “सैलावतील.” आत्यानं मात्र आपले जुने कापडी बूटच घातले आणि एक सुती ओढणी डोक्याला गुंडाळली.

उद्यानाच्या फाटकाशी ग्रुप उभा होता. मी जरा बुचकळ्यात पडलो. सिनिअर म्हणावं असं कुणी दिसेना. एक दंतवैद्य आणि त्यांची बायको, दोघांच्या हातात चालायच्या काठ्या, पोटऱ्या दगडासारख्या. एक उंच बाई, पोहणं शिकवणाऱ्या, खांदे असे की दारातून तिरक्या शिरत असाव्यात. आणखी तिघं-चौघं, सगळे वाळक्या लाकडासारखे काटक. मला वाटलं, यांनी आपापल्या आईवडिलांना सोडायला आणलं असेल.

तेवढ्यात गाईड पुढे आला. टोपी काढून तो थेट आत्यासमोर उभा राहिला.

“आपणच ना? ऑफिसनं सांगितलं. सत्तर वर्षं. आपल्यापुढं मी काय बोलणार?”

आत्या लाजली. “अहो, त्यात माझं काय आलं? आपोआप झाली.”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा नम्रपणा त्यांनी बहुधा पाहिला नव्हता. दंतवैद्यांची नजर माझ्या काखेतल्या उशांवर गेली. “ह्या कशाला?”

“आत्यासाठी.”

“बघ,” ते बायकोच्या कानात म्हणाले, “मुरलेली माणसं विश्रांतीला किती महत्त्व देतात.”

आम्ही निघालो. समोर वाळूच्या टेकड्या होत्या, एकीमागे एक, पार आभाळाला टेकेपर्यंत. थोडं चालल्यावर मी गाईडला गाठलं. “आपली गाडी कुठं येणार?”

“संध्याकाळी. पलीकडच्या बाजूला.”

“कशाच्या पलीकडच्या?”

त्यानं हातानं सगळ्या टेकड्या दाखवल्या.

मी जागीच थांबलो. “पण ही सिनिअर सहल आहे ना? सिनिअर म्हणजे म्हातारे ना?”

गाईडनं दचकून आत्याकडे बघितलं आणि माझा दंड धरला. “हळू बोला. त्या ऐकतील. आमच्याकडे पहिल्यांदा येतात ते ज्युनिअर आणि वाळवंटात मुरलेले ते सिनिअर. त्यांना म्हातारं काय म्हणता?”

“अहो, ती पहिल्यांदाच येतेय.”

गाईडच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “हीच तर खूण. मुरलेल्या माणसाला दर वेळी पहिल्यांदा आल्यासारखंच वाटतं.”

आता या माणसाशी काय बोलणार? मी धापा टाकत आत्याकडे गेलो. “आत्या, घोटाळा झालाय. परत जाऊ या.”

आत्या थांबली. तिनं आजूबाजूला बघितलं. ओली वस्तू औषधालाही नव्हती. “परत कशाला रे ठोंब्या?” ती म्हणाली. हे माझं घरातलं नाव, पन्नाशी आली तरी टिकून आहे. “केवढी मोकळी जागा आहे. चल तू.” आणि ती निघाली. बावचळलेला मी खुर्ची पाठीला, छत्री हाताला आणि उशा काखेत मारून मागून.

पहिल्या टेकडीच्या माथ्यावर गाईडनं अदबीनं विचारलं, “कुठल्या बाजूनं उतरू या?”

“जिकडं सावली आहे तिकडून जाऊ की,” आत्या म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. उंच बाई तर पुटपुटल्यासुद्धा, “किती साधं आणि किती खरं.”

मी सावलीच्या बाजूनंच उतरत होतो. तोवर नव्या बुटांनी टाचा सोलून काढल्या होत्या. मी एक पाय जपून टाकायला गेलो, तो वाळूत गुडघ्यापर्यंत गेला, पाठीवरची खुर्ची उघडली आणि मला पुढं ढकलून मोकळी झाली. पुढचं मला नीट आठवत नाही. दंतवैद्य सांगतात, की आधी मी खाली गेलो, मग छत्री उघडून डौलात आली आणि शेवटी दोन्ही उशा. घोटा मात्र कडकन मुरगळला. बघता बघता तो दुधी भोपळ्यासारखा सुजला.

मंडळी धावत आली. कुणी हसलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. उंच बाईंनी मला लहान पोरासारखं उचललं आणि टेकडीच्या सावलीत नेलं. कुणीतरी खुर्ची मांडली, कुणीतरी पायाखाली उशा रचल्या. दंतवैद्यांनी घोटा दाबून बघितला आणि म्हणाले, “दात असता तर नक्की सांगितलं असतं. पण हाड मोडलेलं वाटत नाही.” गाईडनं फोन करून गाडी बोलावली. ती लांबून वळसा घालून येणार होती. त्यालाही सहलीचा सगळा बेत मोडल्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

आत्यानं ओढणी सोडली, बाटलीतल्या पाण्यानं भिजवली आणि माझ्या घोट्याला गुंडाळली. थोड्या वेळानं हात लावून बघते तर ती सुकलेली. तिनं पुन्हा भिजवली. पुन्हा सुकली. आत्या माझ्याकडे बघायचं सोडून ओढणीकडेच बघायला लागली.

“अरे, वाळली ही,” ती म्हणाली. “बसल्या बसल्या वाळली.”

मग माझा पाय उघडा टाकून ती उठली. ओढणी भिजवून, पिळून, झटकून तिनं एका काटेरी झुडपावर पसरली आणि समोर उभी राहिली. सगळा ग्रुप तिच्यामागे येऊन उभा राहिला. ओढणीचा गडद रंग कडेकडेनं फिका होत आत सरकत गेला. आत्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

“आमच्याकडे पावसाळ्यात चादरी नुसत्या लोंबत राहायच्या,” ती म्हणाली. “वाळवणाच्या खोलीतही ओल सुटायची नाही. वरून वॉर्डातले ओरडायचे, चादरी पाठवा, चादरी पाठवा.”

“तुमच्याकडे म्हणजे कुठं?” गाईडनं विचारलं.

“रुग्णालयात हो. धुलाई विभागात. सगळी नोकरी तिथंच झाली.”

“मग ती सत्तर वर्षं?”

“वय माझं.”

मी डोळे मिटून घेतले. वाळवंटात शांतता असते असं ऐकलं होतं, ती आता कळली. गाईड मटकन खाली बसला. “आणि मी तुम्हाला वाट विचारत होतो,” तो म्हणाला. “ऑफिसात कळलं तर माझी धडगत नाही.”

आत्या त्याच्याशेजारी बसली. “कोण सांगतंय ऑफिसात? तुम्ही वाट चुकवलीत का? नाही. मी दमले का? नाही. हा पडला तो स्वतःच्या बुटांमुळं. अहो, इतकी वर्षं एक कोरडी जागा बघायची होती, ती तुम्ही दाखवलीत. फार चांगलं केलंत.”

पहिल्यांदा उंच बाई हसल्या. मग दंतवैद्य, मग सगळेच. गाईडही हसला, पण जरा उशिरा. मग उंच बाईंनी गळ्यातला रुमाल काढून आत्यापुढे धरला. “माझा पण भिजवा ना.” दंतवैद्यांनी मोजे काढले. गाडी पाण्याचे कॅन घेऊन निघाली होती, म्हणून गाईडनंही हरकत घेतली नाही, उलट स्वतःची टोपी दिली. त्या बिचाऱ्या झुडपावर आख्ख्या ग्रुपचे कपडे वाळत पडले आणि काठ्या टाकून ती काटक मंडळी, कुणाचं आधी वाळतं, ते बघत बसली. त्यांच्या रविवारच्या तंगडतोडीचं माझ्यापायी वाटोळं झालं होतं. पण एकानंही तसं तोंडातून काढलं नाही.

गाडी आली. मला मागच्या बाकावर आडवं घातलं. उन्हानं डोकं ठणकत होतं, म्हणून आत्यानं ओला रुमाल माझ्या डोळ्यांवर ठेवला. माझा सुजलेला पाय कुणीतरी मांडीवर घेतला आणि गाडी हलली. काही दिसत नव्हतं. गाडीनं गचका खाल्ला की तो हात माझा पाय अलगद सावरत होता. मला एकदम भरून आलं.

“आत्या,” मी म्हणालो, “पावसाळ्यात माझा शाळेचा सदरा वाळायचा नाही, तेव्हा तू रोज सकाळी इस्त्री फिरवून फिरवून तो कोरडा करायचीस. आणि पुन्हा दिवसभर तेच काम करायला जायचीस तू. वर्गात सगळ्यांच्या अंगाला ओला वास यायचा. माझ्या कधी आला नाही. गरम गरम सदरा अंगात घालून जायचो मी. त्याची ऊब अजून आहे बघ. आज मी जो काही आहे तो तुझ्यामुळं.”

त्या हातानं माझा पाय हलकेच थोपटला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

“फार सुंदर बोललात,” उंच बाई म्हणाल्या. “पण तुमच्या आत्या पुढं बसल्या आहेत. ड्रायव्हरशेजारी.”

मी डोळ्यांवरचा रुमाल काढला नाही. काढून करणार काय?

“काय म्हणतोय हो तो?” पुढून आत्याचा आवाज आला.

“तुमचे आभार मानतायत,” उंच बाईंनी ओरडून सांगितलं.

“ऊन बाधलं वाटतं,” आत्या म्हणाली. “पाणी पाजा त्याला.”