डळमळीत गल्ली

मी लोकनाडी संशोधन संस्थेचा क्षेत्रीय पाहणी अधिकारी सुशील. म्हणजे दारोदार फिरतो आणि येत्या महापालिका निवडणुकीत मत कोणाला, असं विचारतो. यंदा आमच्या वॉर्डातल्या भैय्याजी आणि जितेंद्रभाऊ या दोन्ही उमेदवारांनी आमचीच संस्था नेमली. संस्थेने काटकसर केली. माणूस एकच, टोप्या दोन.

संस्थेचं शास्त्र सोपं आहे. 'आपली' गल्ली असेल तर तिथे काम करायची गरज नाही. 'गेलेली' असेल तर काम करून उपयोग नाही. काम होतं ते फक्त 'डळमळीत' गल्लीत.

नागपुरात जरीपटक्यामागच्या एका गल्लीत प्रेमिलाबाईंच्या दारासमोर सहा महिन्यांपासून गडरलाइन तुंबली होती. घाण पाणी थेट ओट्यावर यायचं. पंधरा दिवसांवर त्यांच्या मुलीचं, मेघाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आणि मुलाकडचे मौद्याहून यायचे होते. बाईंना झोप नव्हती.

सकाळी मी भैय्याजींची टोपी घालून गेलो. बाईंनी आधी टोपीकडे पाहिलं.

"भैय्याजीच गा. दुसरं कोण हाये?"

दुपारी जितेंद्रभाऊंची टोपी घालून गेलो. माणूस तोच, मिशीही तीच.

"जितूभाऊच. हे काय इचारणं झालं?"

अख्ख्या गल्लीने हेच केलं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाचं मन मोडत नाहीत. चहा देतात, चहा नसेल तर मत देतात. अहवाल गेले: भैय्याजी ९४ टक्के, जितेंद्रभाऊ ९६ टक्के. दोघांनीही गल्ली 'आपली' म्हणून नोंदवली आणि पाणी ओट्यावर येत राहिलं.

मला त्या पोरीची फार दया आली. नियम मोडून मी बिनटोपीचा गेलो.

"काकू, 'सांगता येत नाही' असं म्हणा. सगळ्या गल्लीला म्हणायला लावा."

"खोटं काहून बोलू?"

"मग आतापर्यंत काय बोलत होता?"

"थे तं पाहुणचार होता."

पण आईचं काळीज. बाईंनी घरोघर जाऊन सांगितलं. नवा अहवाल गेला: ९१ टक्के अनिश्चित. तिसऱ्याच दिवशी गल्लीच्या दोन्ही तोंडांनी एकेक जेसीबी शिरला, एक भैय्याजींचा, एक जितेंद्रभाऊंचा. संध्याकाळपर्यंत पुरुषभर खोल नाली खणून झाली. दोन नारळ फुटले. पाइपांचा ट्रक कोपऱ्यावर येऊन उभा राहिला.

नियमाप्रमाणे त्याच संध्याकाळी परिणाम-पाहणी करावी लागते. मी भैय्याजींची टोपी घातली. बाईंचे डोळे भरून आले होते.

"लय मोठ्या मनाचा माणूस हाये गा तुमचा भैय्याजी. आमचं मत त्याचंच."

मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण बाई बोलतच राहिल्या. तासाभराने टोपी बदलून गेलो, तर जितेंद्रभाऊंचं मन त्याहून मोठं निघालं. अहवाल गेला: दोघंही ९८ टक्के. गल्ली पुन्हा 'आपली'. सकाळी जेसीबी गेले आणि पाइपांचा ट्रकही माल न उतरवताच दुसऱ्या एका डळमळीत वस्तीकडे निघून गेला.

साक्षगंधाला मुलाकडचे नालीवर टाकलेल्या फळीवरून एकेक करून आले. बायका जरीच्या साड्या सावरत, पोरं कडेवर घेऊन आल्या. मुलाचे वडील मारोतराव सगळ्यात शेवटी आले. त्यांचा एक जोडा नालीत गेला होता.

"कोणाले निवडून देऊन राहिले बाई तुम्ही इकडे?" ते तापले होते.

मेघा दाराआड उभी होती. पोरीचं सगळं त्या एका उत्तरावर होतं. प्रेमिलाबाईंनी होणाऱ्या व्याह्यांच्या गळ्यातल्या दुपट्ट्याकडे पाहिलं. तिसऱ्याच पक्षाचा होता.

"तुमच्याच पक्षाले, इवाईबुवा."

साक्षगंध छान पार पडलं. मतदानाला आता चार दिवस आहेत. नाली उघडीच आहे. माझ्या फॉर्मवर शेवटचा एक प्रश्न उरलाय: या नालीला जबाबदार कोण? गल्लीत सगळ्यांना विचारून झालं, म्हणून तुम्हाला विचारतो.

बघा, उत्तर देण्याआधी तुम्हीही माझ्या डोक्याकडेच बघितलंत. असू द्या. मी 'सांगता येत नाही'वर खूण करतो.