न कापता सुटणाऱ्या गाठी

"बाई, तुमच्या विद्यापीठाने माझ्या सासूबाईंना काय शिकवलंय?"

सकाळी ग्रंथालय उघडते न उघडते तोच सर्जनसाहेबांचा फोन आला. ग्रंथपालबाई गोंधळल्या. त्यांनी कोणाच्याही सासूबाईंना काही शिकवले नव्हते. विद्यापीठातले संशोधन कोणालाही, कुठल्याही भाषेत, घरबसल्या शोधता यावे एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता. विभागप्रमुखांनी नाके मुरडली, तरी बाईंनी कपाटातले सगळे प्रबंध संकेतस्थळावर चढवले. प्रबंधांचे विषय ठरवणे आणि भाषांतर, ही कामे मात्र यंत्राकडे दिली होती.

"त्यांच्या मानेवर गाठ आहे," सर्जन म्हणाले. "साधीच आहे, पण वाढतेय. काढायलाच हवी. आणि त्या खाटेवर मांडी ठोकून बसल्यात. म्हणतात, न कापता गाठ सोडवायची रीत विद्यापीठाने शोधलीय!"

बाईंनी घाईघाईने संकेतस्थळ उघडले. 'न कापता सुटणाऱ्या गाठी'. विषय : वैद्यकशास्त्र. प्रबंध गणिताच्या सरांचा होता, तोही दोरीच्या गाठींवर. यंत्राने बिनदिक्कत त्याला डॉक्टरांच्या रांगेत बसवले होते आणि बाकीच्या भाषांत तर त्या दोरीचा मागमूसही उरला नव्हता.

बाईंनी आधी तो प्रबंध तिथून हटवला आणि तडक गणित विभाग गाठला. सर फळ्यावर काहीतरी खरडत होते.

"सर, चपला घाला. दवाखान्यात जायचंय."

"मला काय झालंय?"

"तुमचा प्रबंध कोणीतरी वाचलाय."

सरांच्या हातातला खडू गळून पडला. ते निमूटपणे निघाले.

सासूबाई खरोखरच मांडी ठोकून बसल्या होत्या. शेजारी जावई हात चोळत उभे होते.

"आजी, चूक आमची आहे," बाईंनी सरळच सांगितले. "हे सर गणिताचे. यांच्या गाठी वेगळ्या."

"जावयाने शिकवून आणलंय तुम्हाला," सासूबाई म्हणाल्या. "मी ऐकायची नाही."

"तसं नाही हो," सर पुढे सरकले. "माझी गाठ दोरीची. थांबा, दाखवतोच." त्यांनी पडद्याची दोरी सोडली, तिला गाठ मारली आणि दोन्ही टोके जोडली. "आता सांगा, ही न कापता सुटेल?"

"मला काय विचारता?"

"तीच तर गंमत आहे! हिचे तीन पीळ पाहा. पहिला पीळ वरून जातो…"

सर रंगात आले. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर असे कोणी बसले नव्हते, ज्याला उठून जाता येत नाही. पडद्याची दोरी संपली तेव्हा त्यांनी सर्जनच्या बुटांची नाडी मागितली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. सरांना वाटले, त्या विचार करताहेत. जेवणाचे ताट आले आणि तसेच परत गेले. बाईंनी दोनदा घसा खाकरला. सर दुसऱ्या प्रकरणावर पोहोचले.

"जावईबापू," सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"काय हो, आई?"

"कापा."

"नक्की?"

"आत्ताच कापा. पण आधी यांना घरी पाठवा."

शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली आणि छान झाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकेका प्रबंधाचा विषय स्वतः तपासायला घेतला. काम डोंगराएवढे होते, पण आता यंत्राच्या भरवशावर काही सोडायचे नाही, असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. सरांचा प्रबंध त्यांनी गणितात नेऊन ठेवला. सर शेजारी बसून खात्री करून घेत होते. तेवढ्यात सर्जनचा फोन आला.

"डॉक्टर, दुरुस्ती केली," बाई म्हणाल्या. "वैद्यकशास्त्रातून काढलाय."

"अहो, काढताय कशाला? भूलशास्त्रात ठेवा! आणि सर आज दुपारी मोकळे आहेत का? आणखी एक गृहस्थ ऑपरेशनला तयार होत नाहीयेत."

बाईंनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" सरांनी अधीरपणे विचारले.

बाईंनी क्षणभर विचार केला. "तुमच्या संशोधनाचा दुसऱ्या शाखेतही उपयोग आहे म्हणाले. दुपारी बोलावलंय."

"तिसरं प्रकरण राहिलंच होतं," सर म्हणाले आणि चपला शोधू लागले.