पाहुण्याचा लांबलेला मुक्काम

खोलीत इतकी शांतता होती, की पाहुण्याच्या शेपटीचा फरशीवरचा टप्‌टप् आवाजही साक्षीसारखा वाटत होता! कोचावर प्राणी-निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाई. समोर मी, बायको आणि सासरे. तिघेही एकमेकांकडे पाहत नव्हतो. आणि न पाहता एकमेकांवर डोळा ठेवून होतो.

“तीन कुटुंबं याला न्यायला तयार होती,” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडे येऊन गेली आणि तिघांनीही नकार कळवला. इथं कुणीतरी कान भरतंय.”

पाहुणा म्हणजे कुत्रा. निवाऱ्यात चार पिंजऱ्यांत अकरा कुत्री कोंबलेली. म्हणून कायमचं घर मिळेस्तोवर हा आमच्याकडे. आणताना मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, “मी मुळातच अलिप्त माणूस. पंधरा दिवस सांभाळीन, सोळाव्या दिवशी हसत निरोप देईन!” माया जडू नये म्हणून नावही ठेवलं नाही. आता तिसरा महिना चालू होता.

“एक लंगडी कुत्री तीन पिल्लांसह आमच्या जिन्याखाली पडून आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “तिला ही जागा हवी. आज एक निवृत्त मुख्याध्यापिका येताहेत. हेही फिसकटलं, तर याची रवानगी पुन्हा पिंजऱ्यात.”

गुन्हेगार शोधणं आधी भाग होतं! सासरे हल्ली वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत, आणि ऐकायला पाहुण्याखेरीज कुणी बसत नसे. बायकोनं तर ऐन उन्हाळ्यात चार बाह्यांचा स्वेटर विणायला घेतला होता.

“अण्णा, खरं सांगा!” मी सासऱ्यांना दरडावलं.

“मी एवढंच म्हणालो, की हा रात्रभर रडतो.”

“अहो, तो साधा घोरतही नाही!”

“मी म्हणाले, की हा चपला खातो,” बायको पुटपुटली. “खाईलही एखाद्या दिवशी.”

“वा! बापलेकीचं संगनमत!” मी कडाडलो.

बाईंनी चष्मा सावरला. “आणि तिसऱ्या कुटुंबाला घरच्या कर्त्या पुरुषानं बोटाची पट्टी दाखवून सांगितलं, की हा चावतो.”

मी ते बोट हळूच मुठीत लपवलं.

“अहो, ते तर डब्याचं झाकण लागलं होतं ना?” बायको म्हणाली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मुख्याध्यापिका आत आल्या आणि प्रायश्चित्तासाठी आम्ही तिघेही पाहुण्याच्या कौतुकावर तुटून पडलो. किती शहाणा! किती शांत! माणसानं शिकावं याच्याकडून!

मुख्याध्यापिकांचे डोळे बारीक झाले. “एवढा गुणी आहे, तर देताय कशाला? काय दडवताय?”

“काही नाही!” तिघे एकदम ओरडलो. ते तर फारच संशयास्पद झालं. त्या दाराकडे वळल्या.

पिंजरा डोळ्यांसमोर उभा राहिला. “थांबा!” मी म्हणालो. “आमच्यावर विश्वास ठेवू नका. त्यालाच विचारा!”

खरं सांगतो, त्याही क्षणी मनाच्या तळाशी एक नीच खात्री होती: तो माझे पाय सोडणार नाही. मग ‘इलाज काय?’ असं डॉक्टरीणबाईंना म्हणायला मी मोकळा!

मुख्याध्यापिकांनी दार उघडून म्हटलं, “चल रे.”

मी गुडघ्यांवर बसलो. हात पुढे केला. “पाहुण्या, जाशील आम्हाला सोडून?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक दीर्घ जांभई दिली. मग माझ्या गुडघ्याला वळसा घालून, शेपटी हलवत, तो त्यांच्या मागोमाग जिना उतरू लागला.