वरच्या वाडीची नस

धुरपदाबाईच्या पोटावरच्या डागातून फुटलेली नस उंबऱ्याखालून, गोठ्याच्या कडेनं थेट डोंगरात गेली होती, आणि कारवीखोल ग्रामपंचायतीच्या दप्तरी तिची नोंद ‘दरड इशारा व्यवस्था, खालची वाडी’ अशी होती.

डाग नवव्या दिवसाचा. तान्हीचं पोट फुगलं म्हणून सुईणीनं विळा तापवून बेंबीशेजारी टेकवला. त्या मुलखात लेकरांना असंच डागायचे. काही जगायची, काही त्यातच जायची. धुरपदाबाईचं कातडं भरून आलं, पण आतल्या नसांना थांबायचं कळलं नाही. मोठ्या माणसाला भाजलं तर नसा आपापल्या जागी येऊन गप बसतात. तान्ह्या कातड्यातल्या नसा मात्र जखमेकडे धावत सुटतात आणि एखादीची मग आयुष्यभर धावच थांबत नाही. सातव्या वर्षी ती नस परकराबाहेर आली. लग्नात ओच्यात गुंडाळून सासरी आणली. सासरी आल्यावर ती डोंगराला लागली, सुतळीएवढी जाड, ओल्या मुळासारखी पांढरी. तेव्हापासून बाईनं गाव सोडलं नाही.

नसेवर कुणाचा पाय पडला की ती घरात बसून शिव्या घाली. डोंगर सरकला की मात्र किंचाळे. दोनदा किंचाळली, दोनदा खालची वाडी माळावर पळाली, आणि दोन्ही वेळा दरड रिकाम्या घरांवर येऊन बसली. त्यानंतर पंचायतीनं नसेच्या दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ मारून दिली.

सून मालन बाळंत झाली, मुलगी झाली. सहाव्या दिवशी सकाळी सरपंच जालिंदर आणि ग्रामसेवक पाखरे भाऊसाहेब बाळ बघायला आले. जालिंदरच्या हातात झबलं होतं, भाऊसाहेबांच्या हातात ठरावाचं रजिस्टर.

“काकी, बाळाचं पोट जरा फुगलंय म्हणे,” जालिंदर म्हणाला.

“तुझंबी फुगलंय. तुला डागलं का कुणी?”

भाऊसाहेबांनी घसा साफ करून ठराव वाचला. वरच्या वाडीत घरं तेवीस. तिच्या माथ्यावर डोंगराला हात जाईल एवढी भेग पडलेली आहे. तिकडं नस नाही. बारशाआधी डागलेल्या बाळाचीच नस वाढते आणि पंचायतीच्या हद्दीत तसं बाळ आज एकच आहे. सबब सदर बाळास एक डाग देण्यास ही सभा मंजुरी देत आहे.

“आणि नस नाही आली तर?” धुरपदाबाईनं विचारलं.

“तर पुढचं बाळ. ठरावात तशी तरतूद आहे.”

“आली तरी पोचायला किती वर्षं?”

“वीस. योजनाच वीस वर्षांची आहे, त्यामुळं अडचण नाही.”

मालन भिंतीला टेकून बसली होती. तिचं माहेर वरच्या वाडीतलं. आई एकटी तिथं राहायची. ती खाली बघत म्हणाली, “आत्याबाई, एकच डाग तर आहे. मलाबी दिला होता. मी नाही का जगले?”

“तुझा डाग मेला, म्हणून तू जगलीस,” धुरपदाबाई म्हणाली. “मला एकोणसत्तरावं लागलंय. माझा डाग अजून नऊच दिवसांचा आहे. रोज सकाळी नऊ दिवसांचा. वाऱ्यानं लुगडं हललं तरी त्याला विळा आठवतो. माझ्या नातीला कुणी हात लावायचा नाही.”

“मग तेवीस घरांचं काय, काकी?” जालिंदरचा आवाज चढला. “तुमची वाडी वाचली, आमची मातीत जाऊ दे?”

तो खोटं बोलत नव्हता. मग आजवर लपवून ठेवलेली गोष्ट धुरपदाबाईनं सांगितली. दहा वर्षांमागं गुराख्यांनी गवत पेटवलं, तेव्हा नसेचं टोक भाजलं होतं. दुसऱ्या दिवशी ते चार हात पुढं गेलेलं होतं.

“म्हणजे टोकाला डाग दिला की नस पळते?” भाऊसाहेबांनी पेन उघडलं. “हे आधी का कळवलं नाहीत?”

“तुमची तोंडं बघून.”

टेप लावला. टोकापासून भेगेपर्यंत साठ हात भरले. पंधरा डाग. जुना ठराव दुरुस्त झाला.

आताची सुईण साळूबाई रोज अकरा वाजता विळा आणि शेगडी घेऊन डोंगर चढे. भाऊसाहेब सोबत जाऊन वेळ टिपत. रविवारी कार्यालय बंद, म्हणून रविवारी डाग नव्हता. खाली घरात धुरपदाबाई खांबाला पाठ लावून, तोंडात पंच्याचा बोळा धरून बसे. पहिल्या दिवशी तिचा आवाज ऐकून मालन बाळ घेऊन परसात पळाली. तिसऱ्या दिवशी तिनं बाळ शेजारणीकडं दिलं आणि सासूचे खांदे दाबून धरले. त्यानंतर ती रोज धरायला बसू लागली.

बाराव्या दिवशी पाचवा डाग पाहुणे यायच्या आत उरकला. दुपारी बारसं झालं. नाव ठेवलं यमुना. भाऊसाहेबांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि पात्र बाळांच्या यादीतून तिला कमी केलं.

पंधराव्या डागाच्या दुसऱ्या दिवशी नस भेगेपाशी पोचली. वाटेत ती वरच्या वाडीच्या मधोमध गेली होती. जालिंदरनं तिच्या दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ मारून घेतली, पण वाडी लहान, वाट एकच. माणसं तरी कुठून चालणार?

संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मालननं मागं बघितलं. सासूनं डोळे मिटले होते. कपाळावर घाम होता.

“सरकतंय का आत्याबाई?”

“नाही. तुझी आई पाण्याला निघालीय. डावा पाय लई जड पडतोय तिचा. उद्या जाऊन बघून ये.”

मालनचा हात पिठातच राहिला. “तिला सांगते. ती बाजूनं चालंल.”

“बाजूला ओढा आहे,” धुरपदाबाई म्हणाली. “म्हातारी माणसं, पडतील. चालू दे वरनंच.”