येतो म्हणणारा खारासुर

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी अकरा. सोसायटीचं ऑफिस, सानपाडा. हजर: चेअरमन जगताप, खजिनदार मोरेबाई आणि सेक्रेटरी म्हणजे मी. न बोलावता हजर: हिराजी भोईर, तिसरा मजला. ते आले तेच दोन्ही तळवे पुढे करून, "द्वार-भेद-प्रहार" असं म्हणत. दार उघडंच होतं.

भोईरशेठ हे असं वर्षभर करतायत. लिफ्टचं बटण दाबताना 'ऊर्ध्व-गमन-वज्र'. गणपतीत नारळ फोडताना 'श्रीफळ-संहार'. एकदा माझ्यासमोर कचऱ्याच्या बादल्या ठेवताना 'ओला-सुका-विभाजन-चक्र' म्हणाले. या शेवटच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या मजल्यावर कचरा वेगळा करणारे ते एकटेच.

या सगळ्याचं मूळ एका सिनेमात आहे आणि तो सिनेमा त्यांनी स्वतः काढलाय. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी जगतापांना गेटवर गाठून सांगितलं होतं, "चेअरमनसाहेब, मी आनिमे बनवलाय."

जगताप साताऱ्याकडचे, वाशी मार्केटात कांदा-बटाटा. त्यांनी विचारलं, "आणि मे? मे महिन्याचं काय?"

"महिना नाय ओ. आनिमे. जपानी लोकांची कार्टुन असतात ना, तलवारवाली, भुताखेतांची. तसली. फक्त आपल्या खाडीची."

भोईरशेठ इथले मूळचे. आमच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. त्यांच्या बोलीत ण नाही, त्यामुळे 'आणि' आणि 'ॲनिमे' यांत फरक करणं अवघड जातं. जगताप आजही त्याला 'तो मे महिना' म्हणतात.

सिनेमाचं नाव 'खाडीवीर'. गोष्ट शेठनी लिहिली. चित्रं दुसऱ्या राज्यातल्या एका स्टुडिओने कॉम्प्युटरवर काढली. त्या स्टुडिओत मराठी कोणालाच येत नाही, हे शेठना आधीच माहीत होतं. पहिला भाग त्यांनी आमच्या हॉलमध्ये दाखवला. मी मागे बसून चुका टिपत होते. पुढे पुढे हात दुखायला लागला तेव्हा थांबले.

आमच्या इथल्या पारसिकच्या डोंगरावर बर्फ आहे. खाडीतले फ्लेमिंगो म्हणजे उंच पायांच्या गुलाबी कोंबड्या. खाडीवीराचे केस पांढरे आणि ते कायम उडत असतात. बंद खोलीत, पाण्याखाली, झोपेतसुद्धा. त्याची तलवार कधी उजव्या हातात, कधी डाव्या, आणि एका मोठ्या लढाईत ती नाहीच, नुसती मूठ आहे. लढाईत कोणी हलत नाही. मागे रेघा पळतात, त्यावरून आपण समजून घ्यायचं. वीर आपल्या वाराचं नाव पूर्ण उच्चारतो, "क्षार-चक्र-महा-वज्र-प्रहार", आणि तोपर्यंत समोरचा राक्षस रेशनच्या रांगेत असल्यासारखा उभा राहतो. वाक्य संपल्यावरही वीराचं तोंड बराच वेळ चालू असतं.

मोरेबाईंनी मध्यंतरात विचारलं, "शेठ, वीराच्या आईच्या साडीचा रंग दर वेळी का बदलतो?"

"स्टोरीची मागनी हाय."

"एकाच वाक्यात तीनदा?"

"जबरदस्त मागनी हाय."

कोणतीही चूक दाखवा, उत्तर हेच. बर्फ? स्टोरीची मागनी. कोंबड्या? स्टोरीची मागनी. मी विचारलं की खाडीवीराच्या डाव्या हाताला सहा बोटं का आहेत, तेव्हा मात्र ते म्हणाले, "पॉवर हाय त्याच्यात."

पण सगळ्यात मोठी चूक खारासुराची. खारासुर म्हणजे मिठागरातून उठलेला राक्षस, अंगावर मिठाचे खडे. वीर त्याला हरवतो. हरलेला खारासुर वीराच्या घराच्या दारात उभा राहून म्हणतो, "येतो मी." आणि निघून जातो. निदान शेठनी तसं लिहिलं होतं. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. स्टुडिओवाल्याला हे कोण सांगणार? त्याने त्या शब्दाचा अर्थ शोधला आणि सरळ चित्र काढलं. राक्षस म्हणतो "येतो मी" आणि उंबरा ओलांडून आत येतो.

त्यानंतरच्या प्रसंगांत त्याला संवादच नाहीत, कारण लिहिणाऱ्याच्या हिशेबाने तो गेलेला आहे. त्यामुळे तो नुसता स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी उभा असतो. घरचे जेवतात, तो उभा. वीराचं लग्न ठरतं, तो मागे उभा. हॉलमध्ये लोक पोट धरून हसले आणि मग एकेक करून उठून गेले. दिवे लावले तेव्हा शेठ, आम्ही कमिटीवाले आणि वॉचमन एवढेच उरलो होतो. वॉचमनला हॉलला कुलूप लावायचं होतं.

तर जानेवारीतल्या त्या रविवारी शेठचा अर्ज समोर होता. पहिला भाग दुरुस्त करून, त्याला दुसरा जोडून, पुन्हा हॉलमध्ये दाखवायचा.

"घरी बघा ना," जगताप म्हणाले. "तुमचा टीव्ही आमच्या भिंतीएवढा आहे."

"घरी रोज बगतो. एकट्यानं बगून पिच्चर होत नाय, चेअरमनसाहेब. चार मानसं बसली पायजेत. मना फक्त एक संध्याकाल द्या. नंतर परत नाय मागनार."

इतक्या साध्या आवाजात ते सहसा बोलत नाहीत. मी ठराव मांडला. बर्फ, कोंबड्या, बोटं, साडी आणि खारासुर दुरुस्त केला तर हॉल मिळेल. स्टुडिओ हे सगळं दुपारभरात करून देतो, असं शेठनीच मागे सांगितलं होतं.

"बाकी सगलं करतो," शेठ म्हणाले. "खारासुर नाय."

"अहो, तीच तर मुख्य चूक आहे."

"असू दे."

"स्टोरीची मागणी?" मोरेबाईंनी टोमणा मारला.

शेठ हसले नाहीत. "मग हॉल नको," म्हणाले आणि काहीही प्रहार न करता दार लोटून गेले.

जगतापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "संपला मे महिना."

मला अर्धवट कागद आवडत नाहीत. अर्ज मागे घेतला तर तसं लिहून, सही करून हवं. म्हणून दुपारी चारला मी तिसऱ्या मजल्यावर गेले. शेठनी दार उघडलं, खुर्ची दिली, स्वतः चहा टाकला. भिंतीएवढ्या टीव्हीवर खारासुर थांबवून ठेवलेला होता, फ्रिजशेजारचाच. शेठच्या पत्नी काशीवहिनी जाऊन दोन वर्षं होऊन गेली तरी घर नेटकं होतं. एवढं मला मान्य करावं लागलं.

मी कागद पुढे केला. त्यांनी पेन घेतलं आणि तसंच हातात ठेवलं.

"मॅडम, तुमच्या घरातनं कोन निघालं नि 'येते' बोल्लं, तर तुमी काय बोलता?"

"'ये' म्हणते. सगळेच म्हणतात."

"मी नाय बोल्लो." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. "काशी तपासनीला चालली होती. खाली रिक्षा थांबलेली, तिची बहीन बसलेली. दारातनं बोल्ली, येते ओ. मी इथंच बसलेलो, हेच जपानी कार्टुन बगत. मस्त मारामारी चालू होती. हात केला नुसता, असा. तिनं बगितला का नाय, ते पन ठाव नाय."

वहिनी त्याच दिवशी दवाखान्यातच वारल्या. हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. हात केल्याचं कोणाला ठाऊक नव्हतं.

"मना राक्षसाच्या तोंडी पन 'जातो' लिववला नाय," शेठ म्हणाले. "म्हनून 'येतो' लिवला. मग त्या येड्यानं चित्र पाठवलं. मी इथं बसून बगितलं. तो बोल्ला येतो. आनि आला. मॅडम, बोल्ला आनि खरंच आला ओ. चुकून का होईना. आता त्याला मी कसा बाहेर काढू?"

चहा उतू जायला आला होता. मी उठून गॅस बंद केला. सहीचा कागद तसाच दुमडून पर्समध्ये टाकला.

निघताना ते म्हणाले, "एक काम होतं. तो येतो बोलतो ना, तवा आतनं कोनीच काय बोलत नाय. आवाज टाकायला पायजे. नुसता 'ये'. मी करून बगितला, पन स्टुडिओवाला बोल्ला तुमचा आवाज फुटतो. तुमचा आवाज कडक हाय. मीटिंगमदी कसा सगल्यांना ऐकू जातो."

"बघते," मी म्हणाले.

पुढच्या बैठकीत मी खारासुराची अट काढून टाकायचा ठराव मांडला. जगतापांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तुम्हीच तर म्हणाला होता मुख्य चूक आहे म्हणून."

"आहेच. लिहा, मंजूर."

"कारण काय लिहू?"

"स्टोरीची मागणी," मी म्हणाले.

सिनेमा भिकार आहे, हे माझं मत कायम आहे. बर्फ काढला तर डोंगरच गेला. कोंबड्यांचे फ्लेमिंगो झाले, पण आता ते पाण्याच्या वर तरंगतात. सहावं बोट कापलं, सोबत अंगठाही गेला.

येत्या शनिवारी संध्याकाळी प्रदर्शन आहे. खुर्च्या सांगितल्या. एक्स्टेन्शन बोर्ड तपासला. नोटीस लावली, आणि कोणी मधे उठून जाऊ नये असं तिच्यावर ठळक लिहिलं. पन्नास समोशांची ऑर्डर दिली. समोसे शेवटी मिळतील, म्हणजे लोक बसतील.

'ये' मात्र राहिलाय. एका अक्षराचं काम. मी दोनदा फोनवर रेकॉर्ड करून पाहिला. पहिल्यांदा ऐकला तर थकबाकीदाराला ऑफिसात बोलावल्यासारखा वाटला. दुसऱ्यांदा म्हणायला गेले तेव्हा समोर शेठचं ते दार आणि दारातल्या काशीवहिनी आल्या आणि मी रेकॉर्डिंग तिथंच बंद केलं. स्टुडिओला शुक्रवारपर्यंत पाठवायचाय. आज बुधवार.