चालत्या फ्रिजमधला बिघाड

"आता नापास होणं माझ्या हातातच नाही," नवरा म्हणाला. फ्रिजदुरुस्तीच्या वर्गात तो दोनदा नापास झाला होता, ते कुणाच्या हातून, असं बायकोच्या अगदी ओठांवर आलं. पण उद्याची संधी शेवटची. ती हुकली की दाखला गेला, आणि दाखल्याबरोबर दुकानातली ठरलेली नोकरीही.

परीक्षेची रीत अशी, की सर धडधाकट फ्रिजमध्ये गुपचूप बिघाड करून ठेवतात आणि तो वीस मिनिटांत शोधायचा.

"मी बाहेर बसतो. तू आपल्या फ्रिजमध्ये काहीतरी बिघडव."

"अहो, या घरात बारा वर्षं न कुरकुरता चाललेली ती एकच वस्तू आहे."

"सरावासाठी गं."

ती आत गेली, फ्रिजवरून फडकं फिरवलं आणि हाक मारली, "झालं, या." बोटसुद्धा लावलं नव्हतं. शोधशोध शोधेल आणि दमून गप्प बसेल, असा तिचा हिशेब.

नवरा कसला गप्प बसतोय. त्याने मागची जाळी ठोकली, बटणं पिळली, डॉक्टरसारखा कान लावून फ्रिजची छाती तपासली. "पक्की आहेस. खोलवर काहीतरी केलंयस." अठराव्या मिनिटाला त्याने फ्रीझरच्या बर्फात स्क्रूड्रायव्हर खुपसला.

फुस्स.

"कुकर झाला वाटतं," बाहेरून सासूबाई म्हणाल्या.

"खिडकी उघड. गॅस गळतोय," नवरा म्हणाला, आणि त्याचा चेहरा पहिला नंबर आल्यासारखा उजळला. "नळीला भोक पाडलंस ना? कबूल कर."

तिने फ्रिजकडे पाहिलं, मग त्या चेहऱ्याकडे. उद्यापर्यंत तो तसाच राहायला हवा होता.

"हो. मीच पाडलं."

"कशाने?"

"तुमच्याच स्क्रूड्रायव्हरने."

दुसऱ्या दिवशी तो पास झाला. दाखला खिशात घालून त्याने घरच्या फ्रिजची रीतसर तपासणी केली आणि मान हलवली. "हा भंगारातच. बिघाड करायलाही अक्कल लागते. सर बघ, एक वायर सैल करतात, बस्स."

"हिला मेलीला कशाला हात लावू दिलास?" सासूबाई म्हणाल्या.

ती दुधाचं पातेलं उचलून शेजारणीकडे गेली.

"तुमचे हे पास झाले म्हणे," शेजारीण म्हणाली. "आमचाही फ्रिज दाखवीन म्हणते."

"काय झालंय त्याला?"

"काही नाही. उत्तम चालतोय. सहज आपलं."

"मग नका दाखवू," ती म्हणाली, आणि पातेलं आत ठेवून तिने शेजारणीच्या फ्रिजचं दार नीट लावून घेतलं.