जुना पार्ट आधी दाखवा

कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं एकच पाटी होती : ‘जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही.’ स्टोअरकीपरने ती स्वतःच्या हाताने रंगवली होती आणि तो ती डोळ्यांत तेल घालून पाळत असे. एकदा खुद्द मॅनेजर बेअरिंग मागायला रिकाम्या हाताने आले, तर त्यांनाही त्याने तसंच परत पाठवलं. (आपली बढती का अडली, हे त्याला अजून कळलेलं नाही.) घरीसुद्धा कुकरची नवी रिंग हवी असली, की बायकोला आधी जुनी हजर करावी लागे.

बायको घरबसल्या कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवायचं काम करायची. तो मात्र पार म्हातारा झाला होता. फाइल उघडायला सांगून ती भांडी घासून यायची, तरी तो विचारच करत असायचा. या वेळी पुस्तक सहाशे पानांचं होतं. शनिवारी दुपारपर्यंत ते गेलं नाही तर पुढची कामं दुसरीकडे जातील, असं प्रकाशकाने बजावलं होतं.

“अहो, याची रॅम वाढवायला हवी,” बुधवारी ती म्हणाली. “कुणाला तरी बोलावून दाखवू या.”

“कशाला? पार्ट ओळखण्यात माझे केस पांढरे झालेत.” (होते तेवढे.)

गुरुवारी तो कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. काउंटरवर एक तरुण दुकानदारीण होती.

“कुठल्या पिढीची हवी, काका? जुनी काढून आणलीय का?”

“जुनीचं काय करायचंय? सगळ्यात नवी द्या.”

“जुन्या मशीनमध्ये नवी बसत नाही.”

“बसवणारा पाहिजे,” तो म्हणाला आणि सगळ्यात नवी रॅम घेऊन रुबाबात बाहेर पडला.

घरी आल्यावर कळलं, की रॅमची खाच एकीकडे आणि खोबणीतला उंचवटा दुसरीकडे. दुसऱ्या कुणी हार मानली असती. याने कानस काढली आणि अर्धा तास जिभेचं टोक बाहेर काढून, जिथे हवी तिथे नवी खाच पाडली. तरी रॅम बसायचं नाव घेईना. बायको दारात उभी राहून बघत होती.

शुक्रवारी तो व्हर्नियरने खोबण मोजूनच निघाला.

“एकशे तेहतीस मिलिमीटरची द्या. आणि ही परत घ्या.”

“काका, सगळ्याच तेवढ्या लांबीच्या असतात.” तिने रॅम उलटीसुलटी करून पाहिली. “आणि ही दुसरी खाच आमची नाही.”

“कंपनीची असेल.”

“कंपनी कानस वापरत नाही. तुम्ही आधी जुनी दाखवा, मग नवी देते.”

ते वाक्य कानावर पडताच त्याचा चेहरा खर्रकन उतरला. कानशीची रॅम तिथेच टाकून तो घरी आला. बायकोने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, मशीनमधली जुनी रॅम काढली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि चपला घातल्या. अर्ध्या तासात ती परत आली. तिने आणलेली रॅम टक्कन बसली. शनिवारी अकरा वाजता पुस्तक गेलं आणि प्रकाशकाने पुढच्या दोन पुस्तकांचं कामही दिलं.

त्याला खरंच हायसं वाटलं. पण राहवेना.

“तुला बरोबर कुठली ते कसं कळलं गं?”

“मला काय कळतंय? जुनी दाखवली.”

“माझ्याबद्दल काही बोललीस का तिथे?”

“छे. तुमची ती रॅम तिने काउंटरवर दोऱ्याने टांगलीय, गिऱ्हाइकांना दाखवायला. तिच्याखाली पाटी लावायची होती, पण काय लिहावं ते तिला सुचेना.”

“मग?”

“मग मी सांगितलं. पार्टच्या जागी रॅम घातलं, बाकी शब्द तुमचेच ठेवलेत.”